शाळेच्या भिंतीतली तार आणि कागदपत्रांची अमानत

मागच्या वर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस होते. ऑफिसबाहेर पालकांची रांग लागली होती. आठवीतल्या एका मुलीची अम्मी रांगेतून बाहेर येऊन मला म्हणाली, "टीचर, मुलीचं आधार दिलं, बँकेचं पासबुक दिलं, तिच्या अब्बांच्या उत्पन्नाचा दाखला दिला. क्लार्क साहेबांनी मशीनमध्ये टाकून कागद लगेच परत पण दिले. पण मशीनच्या आत जे गेलं, ते कुठे गेलं?"

मी सवयीप्रमाणे म्हटलं, "फिकीर करू नका, कॉम्प्युटरमध्ये सुरक्षित आहे."

घरी जाताना मात्र मनाला लागून राहिलं. वर्गात मुलांना सांगते की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आणि मी स्वतः काय केलं? स्कॅनरमधून निघालेला कागद क्लार्क साहेबांच्या कॉम्प्युटरपर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कोण बघू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शाळेचं नेटवर्क बंद पडलं. दुरुस्तीला आला तो माझाच जुना विद्यार्थी. आता तो नेटवर्कची कामं करतो. त्याला मी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "टीचर, सांगण्यापेक्षा दाखवतोच." मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. कुणाचं खरं कागदपत्र नको म्हणून मी वर्गाचं वेळापत्रक स्कॅनरमध्ये ठेवलं. व्हरांड्यात पाण्याच्या कूलरच्या वर स्विचची पेटी टांगलेली आहे. त्याने तिथे लॅपटॉप जोडला आणि स्विचची एक सोय चालू केली. बिघाड शोधण्यासाठी एका पोर्टवरून जाणाऱ्या सगळ्या माहितीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर पाठवता येते, ती ही सोय. मी बटण दाबलं. थोड्याच वेळात माझं वेळापत्रक त्याच्या लॅपटॉपवर जसंच्या तसं उघडलं. तिसरा तास गणित, चौथा तास विज्ञान, सगळं वाचता येत होतं.

त्या कागदाच्या जागी त्या मुलीचं आधार असतं तर तेही असंच वाचता आलं असतं.

त्या दिवसापासून मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, त्या मुलाला फोन करकरून विचारलं. समजलं ते इथे मांडते. विषय तांत्रिक आहे, पण आपल्या घरातल्या कागदपत्रांचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

तारेला कुलूप का नव्हतं?

शाळा, दवाखाना, बँक, पतसंस्था, सगळीकडे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी जी निळी किंवा करडी केबल दिसते, तिच्यावर चालणाऱ्या पद्धतीला इथरनेट म्हणतात. ती १९७३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात जन्माला आली. रॉबर्ट मेटकाफ यांनी कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्याबरोबर ती उभी केली. गरज साधी होती. एका इमारतीतले कॉम्प्युटर एकमेकांना आणि प्रिंटरला जोडायचे होते.

सुरुवातीला सगळे कॉम्प्युटर एकाच जाड केबलवर असायचे. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. ज्याच्या नावाचा निरोप त्याने घ्यायचा, बाकीच्यांनी सोडून द्यायचा. एकाच छताखाली काम करणाऱ्या ओळखीच्या माणसांसाठी हे ठीक होतं. १९८३ मध्ये याचं अधिकृत मानक तयार झालं आणि मग ही पद्धत जगभर पसरली. नंतर स्विच आले. स्विच ज्याचा निरोप त्यालाच पाठवतो, त्यामुळे ऐकणारे कान कमी झाले. पण निरोप उघडाच राहिला.

इथरनेटवर माहिती सलग जात नाही. तिचे छोटे तुकडे होतात. एका तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेम म्हणजे एक पाकीट समजा. वर कुणाला पाठवायचं त्याचा पत्ता, कुणी पाठवलं त्याचा पत्ता, आत साधारण १,५०० बाइटपर्यंत मजकूर, आणि शेवटी ४ बाइटची एक बेरीज. वाटेत काही अक्षर चुकलं का, हे त्या बेरजेवरून कळतं. पण ही बेरीज फक्त चुकून झालेला बिघाड पकडते. कुणी मुद्दाम मजकूर बदलून बेरीजही नव्याने मांडली, तर घेणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बँकेची वेबसाइट उघडली की कुलपाचं चिन्ह दिसतं, ते काय मग? ते कुलूप खरं आहे. तुमच्या ब्राउझरपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंतचा मजकूर त्यामुळे बंद राहतो. पण ते त्या वेबसाइटपुरतंच. स्कॅनर ते कॉम्प्युटर, कॉम्प्युटर ते प्रिंटर, ऑफिसातला सामाईक फोल्डर, हजेरीचं अंगठा मशीन, सीसीटीव्ही कॅमेरा, यांची आपापसातली बोलणी अनेक ठिकाणी अजूनही उघडी चालतात. गंमत म्हणजे हवेतून जाणाऱ्या वाय-फायला आपण पासवर्ड लावतो आणि २००४ पासून आलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत तो मजकूर चांगल्या प्रकारे बंद केला जातो. भिंतीतल्या तारेला मात्र कुणी विचारत नाही. ती आपल्या भिंतीत आहे म्हणजे आपलीच आहे, असं आपण धरून चालतो.

मोठमोठ्यांचीही हीच चूक

ही समजूत फक्त आपल्या शाळेचीच होती असं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने एक बातमी छापली. एडवर्ड स्नोडेन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांच्या आधारे ती लिहिलेली होती. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या गुप्तचर संस्था गूगल आणि याहूच्या डेटा सेंटरना आपसात जोडणाऱ्या तारांवरून माहिती उचलत होत्या, असं त्यात म्हटलं होतं.

लोकांच्या मोबाइलपासून गूगलच्या दारापर्यंत कुलूप होतं. पण गूगलच्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना अनेक ठिकाणी ते नव्हतं, कारण ती तार घरचीच समजली जात होती. त्यानंतर गूगलने आतल्या तारा बंदिस्त करायचं काम वेगाने केलं. याहूनेही ३१ मार्च २०१४ पर्यंत आपल्या डेटा सेंटरमधल्या वाहतुकीला कुलूप लावलं.

यातला धडा आपल्यालाही लागू आहे. तार कुणाच्या मालकीची आहे, यावरून ती सुरक्षित ठरत नाही. आमच्याच शाळेच्या दोन इमारती रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. मधली केबल एका दुकानाच्या पत्र्यावरून आणि विजेच्या खांबावरून जाते. तिच्याकडे गेल्या पाच-सहा वर्षांत कुणी मान वर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेसारखं

मग तारेला कुलूप लावायचं कसं? आम्हा शिक्षकांना समजेल असा एक दाखला देते. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका कस्टडीतून केंद्रावर कशा येतात? पाकीट बाहेरून आत दिसू नये असं असतं. त्यावर सील असतं. त्यावर क्रमांक असतो. वर्गात ते फोडण्याआधी सील शाबूत आहे हे दोन विद्यार्थ्यांना दाखवून त्यांच्या सह्या घेतात.

इथरनेटच्या फ्रेमसाठी हेच काम करणारी पद्धत २००६ मध्ये ठरली. तिचं नाव मॅकसेक. तिचा मानक क्रमांक आहे ८०२.१एई. ती प्रत्येक फ्रेमला तीन गोष्टी करते.

पहिली, आतला मजकूर चावीशिवाय वाचता येणार नाही असा करून टाकते. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. दुसरी, पाकिटावर १६ बाइटपर्यंतचं सील लावते. हे सील चावीच्या मदतीने मोजलेलं असतं. आत एक अक्षर जरी बदललं तरी सील जुळत नाही आणि घेणारा ते पाकीट सरळ फेकून देतो. तिसरी, प्रत्येक पाकिटावर चढता क्रमांक टाकते. कुणी कालचं पाकीट पकडून ठेवून आज पुन्हा पाठवलं, तर क्रमांकावरून ते जुनं असल्याचं कळतं. या सगळ्यासाठी प्रत्येक फ्रेममध्ये जास्तीत जास्त ३२ बाइटची भर पडते. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता मात्र उघडा राहतो. पत्ताच झाकला तर पाकीट पोहोचणार कसं?

मजकूर बंद करायला जी रीत वापरतात तिचं नाव एईएस. तिचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे. तिच्या आधी १९७७ पासून डीईएस नावाची रीत चालत होती. तिची चावी ५६ बिटची. म्हणजे शक्य असलेल्या चाव्यांची संख्या १७ आकडी. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ईएफएफ या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात खास चिप बनवून एक मशीन उभं केलं. त्या मशीनने एकेक चावी लावून बघत ५६ तासांत ते कुलूप उघडलं.

मग नव्या रीतीसाठी जगभरातल्या तज्ज्ञांना उघड आमंत्रण दिलं गेलं. १५ रचना आल्या, सगळ्यांसमोर तपासल्या गेल्या, आणि बेल्जियमच्या योआन डेमेन व विन्सेंट रायमेन या दोघांची रचना निवडली गेली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती मानक झाली. तिची सर्वांत छोटी चावी १२८ बिटची आहे. म्हणजे चाव्यांची संख्या ३९ आकडी. एकेक लावून बघणं हा उपाय इथे संपला. आणि लक्षात घ्या, या कुलपाची सगळी रचना छापील आहे, कुणीही वाचू शकतो. गुप्त असते ती फक्त चावी.

एका क्षणात किती पाकिटं?

इथपर्यंत आल्यावर मी त्या मुलाला विचारलं, "बेटा, हे काम सॉफ्टवेअर टाकून होत नाही का? वेगळ्या चिपची काय गरज?"

त्याने मला हिशेब करायला लावला. चांगल्या स्विचच्या एका पोर्टचा वेग सेकंदाला १० गिगाबिट असतो. लहानात लहान फ्रेम ६४ बाइटची, आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा वगैरे धरून ८४ बाइट. म्हणजे ६७२ बिट. भागाकार केला तर सेकंदाला जवळपास १ कोटी ४८ लाख पाकिटं. एका पाकिटाला मिळणारा वेळ सुमारे ६७ नॅनोसेकंद. एका सेकंदात १०० कोटी नॅनोसेकंद असतात, त्यातले ६७. एवढ्या वेळात पाकीट घ्यायचं, मजकूर बंद करायचा, सील मोजायचं, क्रमांक टाकायचा आणि पुढे पाठवायचं. आणि हा हिशेब एका पोर्टचा. मोठ्या स्विचला अशी ४८ पोर्टं असतात.

साधा प्रोसेसर म्हणजे सगळी कामं करणारा एक हुशार क्लार्क. सांगाल ते करेल, पण एकामागून एक. खास चिप म्हणजे एकच काम करणाऱ्या माणसांची ओळ. एकजण पाकीट धरतो, दुसरा बंद करतो, तिसरा सील लावतो. पहिलं पाकीट तिसऱ्याच्या हातात असतं तेव्हा तिसरं पाकीट पहिल्याच्या हातात आलेलं असतं. हात रिकामा राहतच नाही. मॅकसेकची चिप अशी पोर्टच्या अगदी तोंडाशी बसवलेली असते. फ्रेम तारेवर पाऊल टाकतानाच बंद होते. त्यामुळे वेग जवळजवळ कमी होत नाही.

प्रोसेसरना हे काम अजिबात जमत नाही असं मात्र नाही. इंटेलने २०१० च्या सुमारास आपल्या प्रोसेसरमध्येच एईएससाठी खास सूचना बसवल्या आणि आजचे चांगले कॉम्प्युटर हे काम झपाट्याने करतात. पण स्विचचा मुख्य प्रोसेसर अगदी साधा असतो. फ्रेम त्याच्याकडे जातच नाहीत, त्या वेगळ्या चिपमधून परस्पर निघून जातात. म्हणून कुलूपही तिथेच, चिपमध्ये, असावं लागतं.

दुसरं कारण चावीचं आहे. सॉफ्टवेअरमध्ये चावी कॉम्प्युटरच्या मेमरीत असते, जिथे बाकीचे प्रोग्रामही राबता ठेवून असतात. एखादा व्हायरस आत शिरला तर मेमरी चाळून चावी शोधू शकतो. चांगल्या हार्डवेअरमध्ये चावी चिपच्या आत ठेवतात आणि तिथून ती वाचून बाहेर काढायचा रस्ताच ठेवत नाहीत. बँका आणि सरकारी खाती वापरतात त्या पेट्यांसाठी अमेरिकेचं एफआयपीएस १४० नावाचं मानक आहे. त्यात चार पातळ्या आहेत. वरच्या पातळीच्या पेटीचं झाकण कुणी उघडायचा प्रयत्न केला तर ती आतल्या चाव्या स्वतःच पुसून टाकते. आपल्या आजीच्या कमरेला तिजोरीची चावी असायची, झोपेतही ती कुणाला काढता यायची नाही. बात तीच आहे.

अल-किंदींची मोजणी आणि क्रमांकाचं महत्त्व

इथे आपल्या मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट येते. इंग्रजीत गुप्त लिपीला सायफर म्हणतात. हा शब्द अरबी 'सिफ्र' वरून आला, म्हणजे शून्य. आणि गुप्त लिपी कशी फोडायची, यावरचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं लिखाणही अरबीतच आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे अल-किंदी यांचं. त्यांचा विचार असा होता की कुठल्याही भाषेत काही अक्षरं जास्त येतात, काही कमी. गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा आलं ते बहुतेक त्या भाषेतलं सर्वांत जास्त वापराचं अक्षर. असं करत करत सगळा मजकूर उलगडतो.

आजची पद्धत या मोजणीला जागाच ठेवत नाही. तेच वाक्य दोनदा पाठवलं तरी दोन्ही वेळा वेगळंच दिसतं. हे कशामुळे होतं? त्या चढत्या क्रमांकामुळे. चावीबरोबर तो क्रमांकही हिशेबात मिसळतात, म्हणून प्रत्येक पाकीट वेगळं निघतं. पण त्यात एक अट आहे. एकाच चावीबरोबर तोच क्रमांक पुन्हा कधीही वापरायचा नाही. वापरला तर दोन पाकिटांची तुलना करून आतलं उघड होऊ लागतं आणि सीलही खोटं बनवता येतं.

सुरुवातीला हा क्रमांक ३२ बिटचा होता. म्हणजे सुमारे ४२९ कोटी पाकिटं. २००६ मध्ये ते पुष्कळ वाटलं. पण तारांचा वेग १०० गिगाबिटवर गेला तेव्हा लहान फ्रेम असतील तर हा साठा एक मिनिटही टिकेना. संपला की नवी चावी आलीच पाहिजे. म्हणून २०१३ मध्ये ६४ बिटच्या क्रमांकाची सोय झाली. त्याच वेगाने तो हजारो वर्षं पुरेल.

चाव्या देण्याघेण्याचं कामही यंत्रंच करतात. तारेच्या दोन्ही टोकांची आधी ओळखपरेड होते. मग ते आपसात नवी चावी ठरवतात आणि ठरावीक काळाने बदलत राहतात. माणसाने चिठ्ठीवर पासवर्ड लिहून मॉनिटरला चिकटवायची गरज राहत नाही. ओळखपरेडीचा आणखी एक फायदा आहे. व्हरांड्यातल्या रिकाम्या पोर्टला कुणी परका लॅपटॉप जोडला तर स्विच त्याच्याशी बोलतच नाही.

हे कुलूप काय करत नाही

आता दुसरी बाजू. नाहीतर मी पुन्हा "फिकीर करू नका" म्हटल्यासारखं होईल.

मॅकसेक दोन टोकांमधल्या तारेला कुलूप लावतं, पूर्ण प्रवासाला लावत नाही. आपण एसटीने पार्सल पाठवतो असं समजा. प्रत्येक स्टँडवर ते उघडून पाहतात आणि पुन्हा सील करून पुढच्या गाडीत चढवतात. स्विचही तसंच करतो. एका तारेवरून आलेली फ्रेम उघडतो, पुढे कुठे पाठवायची ते ठरवतो, पुढच्या तारेसाठी पुन्हा बंद करतो. म्हणजे रस्त्यात सुरक्षित, पण स्टँडवर उघडं. स्विचच कुणाच्या ताब्यात गेला तर या कुलपाचा उपयोग नाही. माझं वेळापत्रक त्या मुलाने स्विचमध्ये नक्कल करूनच पाहिलं होतं, हे विसरू नका. म्हणून वेबसाइटचं कुलूपही हवं आणि तारेचंही. एकाने दुसऱ्याची सुट्टी होत नाही.

दुसरं, दोन्ही टोकांना ही सोय असावी लागते. शाळेतल्या साध्या स्कॅनरला किंवा स्वस्त कॅमेऱ्याला ती सहसा नसते. त्या तारेसाठी दुसरे उपाय करावे लागतात.

तिसरं, पत्ते उघडे राहतात. मजकूर कळला नाही तरी कोण कुणाशी किती वेळा बोललं, हे तारेवर कान लावणाऱ्याला समजतं.

आणि चौथं, सर्वांत महत्त्वाचं. माणसाच्या हातून जे सुटतं त्याला कुठलीच चिप अडवत नाही. मुलीच्या आधारचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकला, ओटीपी फोनवर सांगितला, झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह विसरला, तर तारेचं कुलूप काय करणार?

आपण काय विचारायचं

आपल्या अनेक संस्था, शाळा, पतपेढ्या आणि दवाखाने ट्रस्ट चालवतात. तिथले विश्वस्त आपल्याच मोहल्ल्यातले असतात. त्यांना अदबीने पण स्पष्ट विचारायला हरकत नाही.

१. नेटवर्कचा स्विच कुलूपबंद पेटीत आहे का? न वापरलेली पोर्टं बंद केली आहेत का? याला पैसे लागत नाहीत, फक्त लक्ष लागतं.

२. ऑफिसचे कॉम्प्युटर आणि मुलांची कॉम्प्युटर लॅब एकाच जाळ्यात आहेत की वेगळी केली आहेत? बऱ्याच स्विचमध्ये हे सेटिंगमधून करता येतं.

३. स्कॅन केलेले कागद सामाईक फोल्डरमध्ये किती दिवस पडून राहतात? काम झाल्यावर कोण पुसतो? फोल्डरकडे जाणारा मजकूर एन्क्रिप्ट होईल असं सेटिंग नव्या विंडोजमध्ये असतं. ते चालू आहे का?

४. दोन इमारतींमधली किंवा दोन शाखांमधली केबल लोकांच्या छपरांवरून, खांबांवरून जात असेल तर तिला तरी हार्डवेअरचं कुलूप आहे का? नवे स्विच घेताना माहितीपत्रकात मॅकसेक किंवा ८०२.१एई लिहिलेलं आहे का ते बघावं. दोन्ही टोकांना लागेल आणि कधीकधी त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं, हेही आधीच विचारून ठेवावं.

५. इतकी कागदपत्रं मागायची गरज आहे का? जे घेतलंच नाही ते चोरीलाही जात नाही.

कायदाही आता याच बाजूने आला आहे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. लोकांची माहिती घेणाऱ्याने ती जपण्यासाठी योग्य ती सुरक्षा ठेवली पाहिजे, असं त्यात आहे. ती ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी त्यात वेगळी, जास्त कडक कलमं आहेत.

त्या अम्मीला मी काय सांगितलं

आमच्या शाळेत आतापर्यंत एवढं झालं. स्विच कूलरवरून हलवून ऑफिसच्या आत कुलपाच्या पेटीत गेला. रिकामी पोर्टं बंद झाली. ऑफिस आणि लॅब वेगळी केली. सामाईक फोल्डर दर शनिवारी रिकामा होतो, त्याची नोंद एका वहीत ठेवतात. रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे जाणाऱ्या केबलसाठी मॅकसेकचे दोन स्विच अजून घेतलेले नाहीत, पैशांचा प्रश्न आहे. पण विश्वस्तांच्या बैठकीत मागणी लेखी दिली आहे आणि ती नामंजूर झालेली नाही.

यंदा फॉर्मच्या वेळी ती अम्मी पुन्हा भेटली. मी स्वतःहून तिला थांबवलं. म्हटलं, "मागच्या वर्षी तुम्ही विचारलं होतं ना, मशीनच्या आत गेलं ते कुठे गेलं? तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे." मग तिला ऑफिसमध्ये नेऊन स्कॅनरपासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून कॉम्प्युटरपर्यंतची तार बोटाने दाखवली. कुठे कुलूप आहे आणि कुठे अजून नाही, तेही सांगितलं.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टीचर, त्या रस्त्यावरच्या तारेचं लवकर बघा."

बघतोय आम्ही. तुम्हीही आपापल्या ठिकाणी एकदा मान वर करून तारेकडे बघा.